शकुनबाईंनी काटा शून्यावर आणला

माझ्या सासूबाई दहावीच्या विज्ञानात दोनदा नापास झाल्या, आणि त्याबद्दल मी देवाचे मनापासून आभार मानते. पहिल्याच झटक्यात पास झाल्या असत्या तर मी त्यांना शिकवायला बसलेच नसते. आणि शिकवायला बसले नसते, तर माझी गुड्डी आज अंगणात कोंबड्यांमागे धावत असती का, हे मला सांगता येत नाही. त्यांचं नापास होणं आमच्या घराला पावलं, असं मी चारचौघांत सांगते. त्यांना ते मुळीच आवडत नाही.

सासूबाईंचं नाव शकुनबाई. बपेऱ्याच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथल्या अंगणवाडीत त्या मदतनीस. मदतनीस म्हणजे सकाळी लेकरं घरोघरून गोळा करून आणणारी, त्यांची नाकं पुसणारी, खिचडी शिजवून वाढणारी. सेविका सत्यभामाबाई निवृत्तीला आल्या, तेव्हा वरच्या मॅडम सासूबाईंना म्हणाल्या, निदान दहावी तरी करून ठेवा, मग पुढचं पाहू. नातीचं तोंड पाहिलेल्या बाईनं बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मराठी, हिंदी, इतिहास, भूगोल असं सगळं निघालं. गणितही काठाकाठानं निघालं. इंग्रजी कसं निघालं हे त्यांनाही माहीत नाही. विज्ञानानं मात्र पदर धरून ठेवला.

मी डिंपल, त्यांची एकुलती एक सून. माहेर आंधळगावचं, तुमसरच्या कॉलेजातून बीएस्सी झाले, भौतिकशास्त्र माझा आवडता विषय. नवरा योगेंद्र तुमसरला राइस मिलमध्ये आहे, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. माझा स्वभाव तापट. पाणी शंभर अंशांवर उकळतं, मी त्याच्या बरीच आधी उकळते. त्यामुळे सासूबाई दुसऱ्यांदा नापास होऊन आल्या आणि सासरे टिकाराम खाटेवरून म्हणाले, "घरात बीएस्सी बसली हाय, अन् तुमी बाहेर टूशन कायले पाहून राहिल्या?" तेव्हा आम्ही दोघीही दचकलो. सासूने सुनेपुढे पाटी घेऊन बसायचं, हे दोघींनाही जड जाणार होतं.

तसं ते गेलंही. पण त्याआधी सासूबाईंचा हात कसा आहे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या हातामुळे घडलं.

आमच्याकडे धान अजूनही घरात कुडोनं मोजतात. कुडो म्हणजे धान मोजायचं भांडं. बाजारात किलो आणि क्विंटल चालतात, पण कापणीच्या बायांना धानाच्या रूपात मजुरी द्यायची असली की खळ्यावर कुडोच बाहेर येतो. कुडो काठोकाठ भरून वरून हात फिरवला की झालं माप. पण असं सपाट माप देणारी बाई आमच्या गावात कंजूष ठरते. कुडोवर धानाचा उंच ढीग चढला पाहिजे, इतका की आणखी एक मूठ टाकली तर ओघळेल. त्याला शीग म्हणतात. सासूबाईंची शीग पंचक्रोशीत प्रसिद्ध. कापणीला बाया मिळत नाहीत म्हणून लोक रडतात, आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बाया आपणहून येतात. अंगणवाडीतही तेच. डावभर खिचडी सांगितली असेल तर सासूबाईंचा डाव सव्वा डावाचा.

आणि दुसरी एक रीत. मोजणी संपली की कुडो पूर्ण रिकामा करून ठेवायचा नाही. बुडाशी मूठभर धान राहू द्यायचं. रिकामं माप घरात ठेवलं तर घर रिकामं होतं, असं सासूबाईंच्या सासूनं त्यांना सांगितलेलं. त्यांनी ते मला सांगितलं. मी हसले होते, पण मूठ ठेवली होती. कुणाचं काय जातं, असं तेव्हा वाटलं.

आता गुड्डीचं सांगते. गुड्डी माझी पहिलीच. वर्षाची होईपर्यंत गुबगुबीत होती. मग तिला मधूनमधून ताप येऊ लागला. दोन दिवस यायचा, मेडिकलमधून आणलेल्या सिरपनं जायचा, पंधरवड्यानं पुन्हा यायचा. जेवायला तोंड वासायची आणि दोन घासांत मान फिरवायची. आंघोळ घालताना तिच्या पाठीची हाडं माझ्या बोटांना लागायची. मी म्हणायची, पोर वाळते आहे. योगेंद्र म्हणायचा, दात येत असतील. शेजारची रुखमिणी म्हणायची, "रांगू लागलं का लेकरू रोडावतेच." आणि सगळ्यांच्या वर सासूबाईंचं म्हणणं.

"दर महिन्याले मी सोता वजन करतो तिचं. पावणेआठ हाय, हिरव्या पट्ट्यात. काटा खोटं बोलते का?"

अंगणवाडीच्या तक्त्यावर तीन पट्टे असतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे कमी, लाल म्हणजे फार कमी. गुड्डी हिरव्यात होती, अगदी काठावर, पण हिरव्यात. काट्यापुढे आईचं कोण ऐकतो? मीच तर मोजमापाची भक्त. कॉलेजात आमच्या सरांनी शिकवलं होतं की डोळा फसतो, उपकरण फसत नाही. मी स्वतःला वेडी ठरवून गप्प बसले. पण आंघोळीच्या वेळी बोटं गप्प बसत नसत.

तर अशा दिवसांत आमची शाळा सुरू झाली. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला होता. दुपारची भांडी झाली की आम्ही पडवीत बसायचो, गुड्डी मधे रांगायची. रुखमिणीनं तिच्या घरचं तांदूळ निवडायचं सूप नेमकं त्याच वेळी आमच्या पडवीत आणायला सुरुवात केली. तिला करमणूक हवी होती आणि ती भरपूर मिळाली.

पहिला दिवस राशी आणि एककांचा. मी सांगितलं, लांबी मीटरमध्ये, काळ सेकंदात, वस्तुमान किलोग्रॅममध्ये. नुसता आकडा लिहिला तर गुण जातात, आकड्यामागे एकक हवंच.

"कुडो कोनतं एकक?" सासूबाईंनी विचारलं.

"कुडो आकारमान सांगतो, आई. किती जागा व्यापली ते. वस्तुमान नाई सांगत."

"काहून नाई सांगत? कुडोभर धान म्हन्जे कुडोभर धान."

मी त्यांना विचारलं, ओला धान आणि वाळलेला धान एकाच कुडोनं मोजला तर पोतं सारखंच जड लागतं का? नाही लागत, हे त्यांच्या पाठीला कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं. पण ती गोष्ट विज्ञानाच्या पेपरात येते हे त्यांना नवीन होतं. "म्हन्जे आपन येवढे दिवस जागा मोजून राहिलो होतो," असं म्हणून त्यांनी मान हलवली. मला त्या दिवशी त्या फार आवडल्या.

वस्तुमान आणि वजनावर मात्र आठ दिवस युद्ध झालं. वस्तुमान म्हणजे वस्तूत किती द्रव्य भरलंय ते, आणि वजन म्हणजे पृथ्वी तिला किती बलानं ओढते ते. वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वजन न्यूटनमध्ये. वस्तुमानाला नऊ पूर्णांक आठनं गुणलं की वजन मिळतं. सासूबाईंनी लगेच नातीचा हिशोब मांडून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी हातपंपावर सांगून आल्या की आमच्या गुड्डीचं वजन शहात्तर आहे. अख्खं गाव हसलं. त्या तणतणत घरी आल्या.

"तुयामुळे माही इज्जत गेली."

"शहात्तर काय, ते सांगितलं का तुमी?"

"ते इसरली."

"मंग इज्जत एककामुळे गेली, माह्यामुळे नाई."

रुखमिणीनं सूप खाली ठेवून पोट धरलं. चंद्रावर गेलं की वजन सहावा हिस्सा होतं आणि वस्तुमान तेवढंच राहतं, हे ऐकल्यावर तर सासूबाईंनी पुस्तकच मिटलं. ज्या ठिकाणी लेकरांचं वजन सहावा हिस्सा होतं तिथे माणूस पाठवायचाच कशाला, असं त्यांचं रोखठोक मत.

न्यूटनचे नियम मात्र त्यांनी एका दुपारी घशाखाली उतरवले. बाहेरून बल लागल्याशिवाय स्थिर वस्तू स्थिरच राहते, हे वाचून त्यांनी खाटेवर घोरणाऱ्या सासऱ्यांकडे बोट दाखवलं. "हे जडत्व. अन् बाहेरचं बल मी." तिसरा नियम, प्रत्येक क्रियेला तेवढीच उलट प्रतिक्रिया, याला त्यांनी उदाहरण आमच्या दोघींचंच दिलं. मी पेपरात हे लिहू नका म्हणून बजावलं. माझ्या आवाजाच्या मानानं त्या कमीच ओरडायच्या, हे नियमाच्या विरुद्ध होतं, पण ते मी तेव्हा बोलले नाही.

त्यांची खरी अडचण वेगळीच होती. प्रात्यक्षिकासाठी मी त्यांना मोजपात्रात पाणी मोजायला लावायची. शंभर मिलिलीटर म्हटलं की त्या शंभराच्या खुणेपर्यंत ओतायच्या, आणि वर एक घोट. दर वेळी. गरम पाणी, थंड पाणी मिसळून तापमान काढायचं, आणि उत्तर कधीच जुळायचं नाही. मी खेकसले, "आई, हे वरचं पाणी कुठून येते?" त्या म्हणाल्या, "हातानं होते व. बरोब्बर खुणेवर थांबाले कसंतरी वाटते. कोनाले कमी देल्यावानी."

पाण्यालाही शीग. मी कपाळाला हात लावला. पण त्यांच्या हातून कुणाला कमी जाऊच नये, हा जो हट्ट होता, त्यावर चिडताना माझं मलाच कसंतरी झालं. असा हात असलेल्या घरात मी आले, हे माझं नशीबच आहे.

मग धान कापून झाला. खळ्यावर मळणी झाली. त्या दिवशी दुपारी बायांना मजुरी मोजून देऊन सासूबाई पडवीत आल्या. कुडो त्यांच्या हातात होता, त्यात नेहमीची मूठ होती. त्यांनी तो कोनाड्यात ठेवला, पदराला हात पुसले आणि पाय पसरून बसल्या. मी तानकाटा शिकवायला घेतला. तानकाटा म्हणजे स्प्रिंगचा काटा. वस्तू लटकवली की तिच्या वजनानं स्प्रिंग ताणली जाते आणि सुई पुढे सरकते. मी म्हटलं, "कोनतंबी उपकरण वापराच्या आधी पाहाचं, ते रिकामं असताना शून्य दाखवते का. नसन दाखवत तं तेवढी शून्य त्रुटी. तेवढा आकडा प्रत्येक मापातून वजा कराचा. नाईतं सगळीच मापं चुकली."

सासूबाई नेहमी लगेच वाद घालतात. या वेळी त्या कोनाड्यातल्या कुडोकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, थकल्या असतील.

"डिंपल," त्या म्हणाल्या, "रिकामा काटा शून्यावरच पायजे का?"

"हो."

"जरासाक पुढं असला तं?"

"तं जेवढा पुढं, तेवढं वजन जास्त दिसन. काहून?"

त्या उठल्या. खळ्यावरची धूळ तशीच अंगावर होती. गुड्डीला त्यांनी काखेला मारलं आणि वाटेला लागल्या. मी चप्पल शोधेपर्यंत त्या कोपऱ्यावर पोचल्या होत्या. अंगणवाडीची चावी त्यांच्याच कमरेला असते.

अंगणवाडीचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा बिघडून दुरुस्तीला गेला होता, त्याला बरेच महिने झाले होते. तोवर जुना लटकता काटा वापरत होते. छताच्या कडीला गोल तबकडीचा काटा टांगलेला, त्याला खाली हूक, हुकाला झोळी, झोळीत लेकरू. सासूबाईंनी दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता काट्याकडे बोट केलं. हूक रिकामा होता, झोळी खुंटीवर होती. आणि सुई शून्यावर नव्हती. अर्ध्या किलोच्या खुणेवर होती.

"मीच फिरवला सुई सरकवाचा तो वरचा खिळा," त्या म्हणाल्या. "काटा काढला त्या दिवशी. सुई शून्यावर होती. रिकामं माप ठेवू नये म्हून मूठभर पुढं करून ठेवली. लेकरांचं बरं व्हावं म्हून."

त्यांनीच खुर्ची ओढली, वर चढल्या, झोळी हुकाला लावली आणि खिळा उलटा फिरवत सुई शून्यावर आणली. तेव्हा मला कळलं की झोळीचं वजनही आजवर कुणी वजा केलं नव्हतं. जाड जुन्या चादरीची झोळी होती ती. मग त्यांनी गुड्डीला झोळीत बसवलं. गुड्डीला वाटलं झोका आहे, ती हसली. सुई हलली, थरथरली आणि सातच्या आत थांबली.

सातच्या आत म्हणजे पिवळा पट्टा, आणि तोही लालच्या काठावरचा. माझ्या बोटांना कळत होतं ते खरं होतं. मी तिथेच उकळले. मी सासूबाईंना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, लिहिण्यासारखं नाही. त्यांनी मला थांबवलं नाही. माझा दम संपल्यावर गुड्डीला झोळीतून काढत म्हणाल्या, "उरलेल्या शिव्या मंग दे. आधी टेकचंदले ऑटो काढाले सांग."

टेकचंद म्हणजे रुखमिणीचा नवरा. त्याच्या ऑटोत आम्ही तिघी तुमसरला गेलो. डॉक्टरांना सासूबाईंनीच सगळं सांगितलं, काटा, खिळा, मूठ, काही लपवलं नाही. डॉक्टरांनी वजनाचे जुने आकडे बाजूला ठेवले, नव्यानं तपासलं, रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. लघवीत संसर्ग निघाला. मधूनमधून येणारा ताप त्याचाच होता, भूक त्यानंच मारली होती. औषधानं बरं होईल, डॉक्टर म्हणाले, आणि मग म्हणाले, की असंच आणखी काही महिने चालू राहिलं असतं तर मूत्रपिंडाला कायमची इजा झाली असती. वेळेत आणलंत.

वेळेत आणलंत. मी ते दोन शब्द ऐकले आणि बाकावर बसून रडले. आणलं कुणी? मी तर गप्प बसले होते. सासूबाई शेजारी बसून गुड्डीला पेज भरवत होत्या, पेज गुड्डीच्या गळ्यावर सांडत होती. मी त्यांचा हात धरला. चूक त्यांचीच होती हे खरंच आहे. पण ती चूक उघडी करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गुपचूप खिळा फिरवून ठेवला असता तर जगात कुणाला कळलं असतं? त्या क्षणापासून माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग राहिलेला नाही, आणि मी राग लवकर सोडणारी बाई नव्हे.

आणि त्या तिथेच थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सत्यभामाबाईंना सगळं सांगितलं. सत्यभामाबाई म्हणाल्या, सगळी लेकरं पुन्हा मोजू, आणि वर कळवू. आया आपापली पोरं घेऊन आल्या. एकेक लेकरू हलकं निघू लागलं तशी कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाली, "एका रातीत आमची लेकरं हलकी कशी झाली? का तुमी कमी लिवून राहिल्या?"

सासूबाई घरून कुडो घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो सगळ्यांपुढे ठेवला. बुडाशी तीच मूठ होती.

"हे पाहा बायांनो. ही मूठ बुडाशी राहू दिली अन् वरून कुडो भरला, तं कुडो भरल्यावानी दिसते. पर तुमच्या पोत्यात किती पडते? मूठ कमी. तशी तुमच्या लेकराची मूठ मी काट्यात ठेवून घेतली. मले वाटलं मी देऊन राहिली. मी घेऊन राहिली होती."

मग ज्या बाईनं कुजबुज सुरू केली होती, तिनंच पुढे होऊन आपलं लेकरू झोळीत बसवलं. त्या दिवशी गुड्डीशिवाय आणखी दोन लेकरं पिवळ्यात निघाली. त्यांना ज्यादा आहार सुरू झाला, तपासणी झाली. आज ती दोघंही ठणठणीत आहेत. त्यांच्या आया सणाला सासूबाईंना घरी बोलावतात. मी मात्र त्या दिवशी घरी आल्यावर कुडोच्या बुडातली मूठ कोंबड्यांना टाकली. सासूबाई बघत होत्या. घर काही रिकामं झालं नाही.

पुढे मार्चमध्ये त्या तिसऱ्यांदा परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या. विज्ञानात अडतीस. प्रात्यक्षिकाच्या वेळी बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, मोजण्याआधी काय कराल? त्या म्हणाल्या, आधी शून्य पाहीन. सर म्हणाले, एवढी मुलं झाली, हे एकानंही सांगितलं नाही. घरी येऊन हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. बढतीचं अजून चाललंय, होईल तेव्हा होईल. मी पेढे वाटले, सासऱ्यांनी खाटेवरून उठून दोन खाल्ले, जडत्व मोडलं. पण मला सांगायचं आहे ते निकालाच्या आधीचं, परीक्षा संपल्यानंतरच्या वजनाच्या दिवसाचं.

औषध पूर्ण झालं होतं. गुड्डी खायला लागली होती. सकाळी भात, दुपारी भात, मधे अंडं, वर आजीच्या पदरातले शेंगदाणे. महिन्या महिन्याला सुई पुढे सरकत होती, आणि डॉक्टर म्हणाले होते की आता सव्वाआठला पोचली की हिरव्या पट्ट्यात आली समजा. त्या दिवशी योगेंद्रनं मिलमधून सुट्टी घेतली. रुखमिणी आली. सत्यभामाबाई मोबाईल हातात घेऊन आकडा भरायला बसल्या. सासूबाईंनी रिकामी झोळी टांगून शून्य पाहिलं, मग गुड्डीला आत ठेवलं. आता ती रांगणारी नव्हती, लाथा झाडणारी होती, सुई थांबायलाच तयार नव्हती.

मी दाराशी उभी होते. शेवटी सुई थांबली आणि मला दिसलं, सव्वाआठ. मी मोठ्यानं म्हटलं, "सव्वाआठ! आई, सव्वाआठ झालं!" योगेंद्रनं टाळी वाजवली. सत्यभामाबाईंचं बोट मोबाईलवर गेलं.

"थांबा व," सासूबाई म्हणाल्या. माझ्याकडे वळल्या. "तू तिरपी उभी हाय. समोर ये."

काट्याकडे तिरपं पाहिलं की सुई दुसऱ्याच खुणेवर दिसते, नजर समोरून सरळ हवी, हे मीच त्यांना शिकवलं होतं. मी समोर गेले. सुई आठ किलो शंभरवर होती.

माझे डोळे भरून आले. एवढे महिने धरलेला धीर सुटला. मी, बीएस्सी झालेली बाई, सगळ्यांपुढे म्हणाले, "आई, आजच्या दिवस सव्वाआठ म्हना ना. थोडंसंच तं हाय."

"नाई," त्या म्हणाल्या. "आठ किलो शंभर. लिवा." आणि सत्यभामाबाईंनी लिहिलं. मग माझ्या डोळ्यांकडे पाहून त्यांचा आवाज मऊ झाला. "बाकीचं आपन खाऊ घालू. आपल्या हातात हाय ते. काट्यापाशी कायले मागाचं?"

आमच्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. सासूचे तर सून नाहीच. पण मी तिथेच, योगेंद्र आणि सगळ्या आया बघत असताना, म्हणाले, "आई, माही पोर तुमच्यामुळे वाचली."

सासूबाईंनी गुड्डीला झोळीतून उचललं, माझ्या हातात दिलं आणि पदरानं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "सरक आता. मांगं लेकरं उभी हायत, मले शून्य पाहू दे."